नकाराचे भाषांतर

कटंगीच्या बाजारातील एका सेवा केंद्राच्या बाकावर काही महिन्यांपूर्वी आम्हाला तासभर बसावे लागले. आमच्या पुढे शेजारच्या गावची एक तरुण स्त्री उभी होती. लग्न होऊन दोन वर्षे झालेली, कडेवर मूल. सासरच्या कुटुंबाच्या सरकारी नोंदीत आपले नाव चढावे, एवढेच तिचे काम होते. त्या नोंदीवाचून पुढचा कोणताच अर्ज भरता येत नव्हता. केंद्रावरच्या मुलाने तिचे क्रमांक भरले, कळ दाबली, पडद्याकडे पाहिले आणि सांगितले, ''आपका नाम डुप्लीकेट बता रहा है.'' बाईचा चेहरा उतरला. मागे उभ्या असलेल्या दोघातिघांनी तिच्याकडे वळून पाहिले. ती हलक्या आवाजात म्हणाली, ''मी कायची डुप्लिकेट? खरीच तं आहो मी.''

तिची ही चौथी फेरी होती. आधीच्या तीन वेळा तिला 'सर्व्हर डाऊन आहे' असे सांगून परत पाठविले होते. प्रत्येक फेरीला एक दिवसाची मजुरी बुडाली होती. प्रत्यक्षात सर्व्हर एकदाही बंद नव्हता. तिचे नाव अजून माहेरच्या कुटुंबात, दुसऱ्या पंचायतीत, नोंदलेले होते. आणि एक व्यक्ती एकाच कुटुंबात असावी असा त्या नोंदवहीचा नियम होता. नियम योग्य होता. यंत्राचा नकारही खरा होता. परंतु तो नकार तिच्यापर्यंत पोहोचेस्तोवर तीनदा असत्य झाला आणि चौथ्यांदा आरोप झाला. आपल्या बोलण्यात 'डुप्लिकेट' म्हणजे दुसरी प्रत नव्हे. डुप्लिकेट म्हणजे नकली, बनावट. डुप्लिकेट घड्याळ, डुप्लिकेट नोट, आणि आता डुप्लिकेट सून.

या प्रसंगातून आम्हाला जो प्रश्न पडला तो असा. यंत्र नकार देते तेव्हा त्या नकाराचे माणसाच्या भाषेत भाषांतर करण्याची जबाबदारी कोणाची, आणि त्या भाषांतराची नीती कोणती? संगणकशास्त्रात हा प्रश्न कारागिरीचा म्हणून शिकविला जातो. आमच्या मते तो मुळात नीतीचा आहे.

ज्यांना संगणकाच्या अंतरंगाचा परिचय नाही त्यांच्यासाठी थोडा विस्तार केला पाहिजे. कोणतीही मोठी संगणकीय व्यवस्था एकावर एक रचलेल्या थरांची असते. तळाशी डेटाबेस, म्हणजे नोंदींचे कोठार. त्याच्या वर अर्ज, कुटुंब, हप्ता, पात्रता अशा व्यवहारातल्या कल्पना जाणणारा थर. सर्वांत वर पडदा, आणि पडद्यासमोर माणूस. तळच्या कोठाराला व्यवहार कळत नाही. त्याला तक्ते, रकाने आणि बंधने कळतात. 'या रकान्यात एक क्रमांक दोनदा येता कामा नये' असे बंधन घातलेले असले आणि तसा क्रमांक दुसऱ्यांदा आला, की ते ती नोंद नाकारते आणि कारण आपल्या भाषेत सांगते. ही भाषाही एकसारखी नाही. हाच एक नकार ओरॅकलचे कोठार 'ओआरए-००००१' असा सांगते, मायएसक्यूएल '१०६२' म्हणते, पोस्टग्रेस '२३५०५' म्हणते. १९९२ च्या एसक्यूएल मानकाने त्यासाठी पाच अक्षरांचे संकेत घालून दिले. त्यांतील पहिली दोन अक्षरे नकाराचा वर्ग सांगतात. ०८ म्हणजे संपर्कात बिघाड. २३ म्हणजे एखादे बंधन मोडले जात होते. ४० म्हणजे चालू असलेला व्यवहार मागे घ्यावा लागला. दोन व्यवहार एकमेकांना अडवून बसले तर असे होते, आणि बहुधा थोड्या वेळाने पुन्हा केले की काम होते.

शिस्तीचा प्रोग्रॅमर हे संकेत जसेच्या तसे पडद्यापर्यंत जाऊ देत नाही. तो त्यांना मधल्या थरात अडवितो आणि त्यांच्या जागी व्यवहाराच्या भाषेतला नकार वर पाठवितो. '२३५०५' च्या जागी 'ही व्यक्ती दुसऱ्या कुटुंबात नोंदलेली आहे' असे तो म्हणतो. जोशुआ ब्लॉक यांच्या 'इफेक्टिव्ह जावा' या २००१ सालच्या पुस्तकात, प्रत्येक थराने आपल्या पातळीला साजेल असाच अपवाद वर पाठवावा, असा स्पष्ट सल्ला आहे, आणि या क्रियेला तेथे भाषांतर हाच शब्द वापरला आहे. २००४ मध्ये पहिली आवृत्ती निघालेल्या 'स्प्रिंग' या चौकटीने तर निरनिराळ्या डेटाबेसांच्या क्रमांकांचा एक कोशच सोबत दिला: कोणत्या कोठाराचा कोणता आकडा कोणत्या अर्थाचा, याचा तक्ता.

येथे कोणी विचारील, की नोंद करण्याआधीच 'हे नाव कुठे आहे का' असे कोठाराला विचारून घेतले तर नकाराची वेळच येणार नाही. विचारणे चांगलेच, पण ते पुरत नाही. विचारणे आणि लिहिणे यांच्यामधल्या क्षणात दुसऱ्या गावातल्या दुसऱ्या खिडकीवर तेच नाव लिहिले जाऊ शकते. म्हणून शेवटचा शब्द कोठाराचाच असतो, आणि म्हणूनच त्याच्या शब्दाचे भाषांतर टाळता येत नाही.

आता मुद्द्याकडे येऊ. '२३५०५' या आकड्यात विवाह नाही, माहेर नाही, सासर नाही. हाच आकडा एखादी लग्न झालेली मुलगी सासरी नोंदवताना येईल. दोन भावांनी एकच मोबाइल क्रमांक दिला असता येईल. खिडकीवरच्या मुलाने घाईत कळ दोनदा दाबली असता येईल. आणि कोणी खरोखर लबाडी करून दोन ठिकाणी लाभ घेऊ पाहत असेल तेव्हाही येईल. कोठाराला या चारांतला भेद सांगता येत नाही, कारण तो त्याच्या जगात नाहीच. भेद वरच्या थरातच उमगू शकतो. याचा अर्थ असा, की तळचा नकार वर आणताना आपण केवळ शब्द बदलत नाही, अर्थ ठरवितो. आणि जो अर्थ ठरवितो त्याच्यावर त्या अर्थाची जबाबदारी येते. चारही शक्यतांना मिळून 'डुप्लिकेट' हा एकच शब्द योजणारा प्रोग्रॅमर, नकळत का होईना, तीन निरपराधांना चौथ्याच्या रांगेत उभा करतो.

संगणकाच्या भाषेत अशा अडथळ्याला एक्सेप्शन म्हणतात आणि मराठीत त्याला 'अपवाद' हा प्रतिशब्द सहज सुचतो. या शब्दाला आपल्याकडे दोन अर्थ आहेत. एक, नियमाला सोडून असलेली गोष्ट. दुसरा, निंदा, दोषारोप. 'लोकापवाद' या सामासिक शब्दात तो टिकून आहे, आणि सीतेच्या त्यागाची कथा ज्याला ठाऊक आहे त्याला त्या शब्दाचे वजन सांगावे लागत नाही. पहिल्या अर्थाचा अपवाद दुसऱ्या अर्थाचा होऊ न देणे, हे आमच्या मते या भाषांतराचे पहिले कर्तव्य होय. त्या दिवशी बाजारात नेमका हाच घसरडा जिना एक स्त्री मूल कडेवर घेऊन उतरली.

भाषांतर बिघडण्याचे दोन प्रकार आम्हाला दिसतात, आणि आपल्या दर्शनांतील भ्रमविचार त्यांना नावे देण्यास उपयोगी पडतो. नैयायिक भ्रमाला अन्यथाख्याती म्हणतात: शिंपला समोर असता तो रुपे म्हणून दिसणे, म्हणजे एका वस्तूचे दुसरीच वस्तू म्हणून ज्ञान होणे. प्राभाकर मीमांसक म्हणतात, की तेथे खोटे ज्ञान होतच नाही; दोन ज्ञानांतला भेद तेवढा लक्षात येत नाही. ती अख्याती. 'सर्व्हर डाऊन' ही आमच्या भागातली अख्याती आहे. संपर्क तुटला, नियम आड आला, अंगठा जुळला नाही, नाव जुळले नाही, या सर्वांतला भेद त्या दोन शब्दांत पुसला जातो. मानकाने ज्याला ०८ चा वर्ग दिला त्या एकाच नकाराचे हे खरे भाषांतर. पण ते सगळ्यांच्या वाट्याला येते. 'काहीतरी चुकले आहे, नंतर प्रयत्न करा' ही तिची सुशिक्षित बहीण. ही वाक्ये ऐकून माणूस रागावत नाही, म्हणून ती सोयीची. परंतु जो नकार उद्याही तोच राहणार आहे त्याला 'उद्या या' म्हणणे म्हणजे दुसऱ्याची मजुरी आपल्या सोयीसाठी खर्च करणे होय.

दुसरा प्रकार अन्यथाख्यातीचा, आणि तो अधिक घातक. त्याचे एक उदाहरण सार्वजनिक आहे. महात्मा गांधी राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी योजनेची मजुरी आधारच्या आधारे बँकेत जमा करण्याची पद्धत १ जानेवारी २०२४ पासून बंधनकारक झाली. त्याच्या कितीतरी आधीपासून ही पद्धत चालू होती, आणि परत आलेल्या मजुरीसमोर जे शेरे दिसत त्यांत 'इनॅक्टिव्ह आधार', म्हणजे निष्क्रिय आधार, हा शेरा पुष्कळदा असे. वाचणाऱ्याला वाटे, मजुराचा आधार क्रमांकच बंद पडला. वस्तुतः तसा त्याचा अर्थ नव्हता. कोणत्या आधार क्रमांकाचे पैसे कोणत्या बँकेकडे धाडायचे याची सांगड नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनकडील एका नोंदवहीत असते. ती सांगड तेथे चालू अवस्थेत नाही, एवढाच त्याचा आशय होता. आधार ठणठणीत असे. काम बँकेत होते. तरी त्या शेऱ्यावर विसंबलेला मजूर आधार केंद्राच्या रांगेत जाऊन उभा राहील, तर दोष त्याचा नव्हे. दोन शब्दांच्या चुकलेल्या भाषांतराने माणूस चुकीच्या गावाला जातो, आणि ज्याच्याकडे इलाज आहे त्या दारावर कोणी थाप मारीत नाही.

यावरून एक कसोटी निघते. नकाराच्या चांगल्या भाषांतराने निदान एवढे वेगळे करून सांगितले पाहिजे: अडचण अर्जदाराच्या माहितीत आहे, की व्यवस्थेच्या बिघाडात आहे, की केवळ वेळेची आहे. पहिलीत अर्जदाराने काही करायचे असते, दुसरीत व्यवस्थेने, तिसरीत कोणीच काही न करता थोडे थांबायचे असते. ज्या भाषांतरात या तिघांची सरमिसळ होते तेथे ओझे आपोआप सर्वांत दुबळ्यावर सरकते. खिडकीच्या आतल्या माणसाला पगार मिळत राहतो. बाहेरच्याची मजुरी बुडते.

भाषांतर म्हणजे लपविणे नव्हे, हेही येथेच सांगितले पाहिजे. तळचा आकडा माणसाला दाखवू नये, म्हणून तो फेकून द्यावा असे नाही. २००२ मध्ये आलेल्या जावा भाषेच्या १.४ या आवृत्तीत एक सोय झाली: वरच्या थराला नवा अपवाद पाठविताना मूळ अपवाद त्याच्या पोटात 'कारण' म्हणून ठेवता येतो, आणि त्याची कडी तुटत नाही. दुरुस्ती करणाऱ्याला मागे मागे जात मुळापर्यंत पोहोचता येते. जुन्या दस्तऐवजात नक्कल देणारा 'मूळ पाहून नक्कल केली' असे लिहून सही करी, त्यातला हा विवेक आहे. मूळ हाताशी ठेवूनच भाषांतर करावे. आणि ज्या नकाराचा अर्थ आपल्याला लागलेला नाही, त्याला ओळखीचा मुखवटा चढवू नये. 'कारण कळलेले नाही. तक्रारीचा क्रमांक हा' असे सांगण्यात कमीपणा नाही. न कळलेल्याला कळलेले भासविण्यात आहे.

आता प्रश्न उरतो तो भाषांतर कोणत्या भाषेत करायचे याचा. आमच्या भागाला भाषांतर नवे नाही. बालाघाट जिल्हा १९५६ पूर्वी नागपूर विभागात होता; १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि आम्ही मध्य प्रदेशात राहिलो. घरात मराठी किंवा पोवारी, कचेरीत हिंदी, आणि आता यंत्राच्या पोटात इंग्रजी. तुमसरची सोयरीक जुळली की सातबारा आणि खसरा यांचे एकमेकांत भाषांतर करता येणारा एक तरी माणूस कुटुंबात लागतो. 'ळ' हे अक्षर हिंदी कागदावर 'ल' होते. काळे यांचे काले होते, आणि यंत्राच्या दृष्टीने ती दोन वेगळी माणसे असतात. तेव्हा शब्द बदलला की माणूस बदलतो, हे आम्हाला पुस्तकातून शिकावे लागले नाही.

परंतु एका दुर्बोध भाषेतून दुसऱ्या दुर्बोध भाषेत नेणे हे भाषांतर नव्हे. शिवछत्रपतींच्या आज्ञेने रघुनाथपंत हणमंते यांनी सिद्ध करविलेला 'राज्यव्यवहारकोश' दरबारातल्या फार्सी-अरबी वळणाच्या शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देतो. राज्याच्या अस्मितेच्या दृष्टीने ते कार्य मोठेच होते. तरी अर्ज, तक्रार, दाखला, वसूल, जमीन हे शब्द रयतेच्या तोंडून गेले नाहीत. आजही आपण तेच बोलतो. दरबाराची भाषा आणि दारावरची भाषा यांतले अंतर कोशाने मिटत नाही. आज पडद्यावर इंग्रजी वाक्याच्या जागी 'प्रमाणीकरण विफल' असे आले, तर राजभाषेचा मान राखला जाईल. रांगेतल्या बाईला मात्र ''तुमचा अंगठा जुळला नाही, दुसरे बोट लावून पाहू'' एवढेच हवे असते.

या विचारावर दोन आक्षेप गंभीर आहेत. पहिला सुरक्षेचा. सगळे खरे सांगितले तर लबाडांना वाट सापडेल. आक्षेप बरोबर आहे. तळचा नकार उघडा पडला तर त्यातून तक्त्यांची नावे, रकान्यांची रचना बाहेर पडते, आणि कोठार फोडू पाहणाऱ्याला ती उपयोगी ठरते. त्याहून नाजूक गोष्ट अशी, की 'ही व्यक्ती अमुक गावच्या अमुक कुटुंबात नोंदलेली आहे' हे वाक्य त्या व्यक्तीलाच सांगणे वेगळे आणि तिचा क्रमांक घेऊन आलेल्या कोणालाही सांगणे वेगळे. नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून घर सोडलेल्या स्त्रीचा नवा पत्ता एखाद्या सालस नकाराने त्याच्याच हाती पडू शकतो. म्हणून सत्य कोणाला देणे लागते, याचा विचार भाषांतरकाराला करावाच लागतो. पण यातून निघते ते एवढेच, की ओळख पटलेल्या माणसाला पूर्ण कारण सांगावे आणि परक्याला पुढची वाट तेवढी दाखवावी. मौन हे संरक्षण असू शकते. असत्य मात्र कोणाचेच संरक्षण करीत नाही. 'सर्व्हर डाऊन' या वाक्याने एकही लबाड अडला असेल असे आम्हाला वाटत नाही.

दुसरा आक्षेप जबाबदारीचा. प्रोग्रॅमर म्हणेल, मी बंधन पाळले. खिडकीवरचा मुलगा म्हणेल, मी पडद्यावर दिसले ते वाचले. अधिकारी म्हणेल, सॉफ्टवेअर राजधानीतून आले. 'डुप्लीकेट बता रहा है' या वाक्यात कर्ता शोधून पाहावा. कोण 'बता रहा' आहे? व्याकरणाने रिकामी ठेवलेली ती जागा व्यवस्थेनेही रिकामीच ठेवलेली आहे. हॅना आरेंट यांनी नोकरशाहीला 'कोणाचेही राज्य नसलेले राज्य' या अर्थाने ओळखले, आणि जेथे उत्तर देणारा कोणी नसतो ते राज्य सौम्य असतेच असे नाही, असे बजावले, ते येथे आठवते. आमच्या मते खिडकीवरच्या मुलाकडे सर्वांत कमी दोष जातो. त्याला जो शब्द मिळाला तोच त्याने पुढे दिला. त्याच्या आधीच्या तीन फेऱ्यांत त्याच्यासारख्या कोणी तरी 'सर्व्हर'ची सबब काढली ती बहुधा यामुळेच, की त्यालाही काही कळले नव्हते. दोष त्या मधल्या थरात आहे, जेथे अर्थ कळण्याची शक्यता होती आणि कोणी तसदी घेतली नाही. ज्याला अर्थ लावता येत होता त्याने न लावणे, ही केवळ कारागिरीतली उणीव नव्हे.

नकार कसा द्यावा, हे आपल्याच एका कायद्यात फार नेटके सांगितले आहे. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ याच्या कलम ७ च्या पोटकलम ८ प्रमाणे, अर्ज नाकारणाऱ्या अधिकाऱ्याने अर्जदाराला तीन गोष्टी कळविल्या पाहिजेत: नाकारण्याची कारणे, अपील किती मुदतीत करता येईल ते, आणि अपील कोणाकडे करायचे त्याचा तपशील. याच अधिनियमाचे कलम ४ प्रशासकीय निर्णयांची कारणे बाधित व्यक्तींना देण्यास सांगते. का, केव्हापर्यंत, आणि कोणाकडे. माणसाने दिलेल्या नकाराला आपण ही शिस्त लावली. तोच नकार यंत्राच्या तोंडून आला की ही शिस्त सुटावी, याला कोणतेच समर्थन आम्हाला दिसत नाही. उलट, यंत्र थकत नाही, चिडत नाही, त्याला रांगेची घाई नसते. योग्य वाक्य एकदा लिहून ठेवले की ते लाखो वेळा न कंटाळता सांगेल. माणसाला जे अवघड होते ते यंत्राला सोपे आहे. फक्त ते वाक्य कोणीतरी आधी लिहिले पाहिजे, आणि लिहिताना पडद्यासमोर कोण उभे असेल याची कल्पना केली पाहिजे.

त्या स्त्रीचे पुढे काय झाले, ते सांगून हा लेख संपवू. बाकावर बसलेल्या एका निवृत्त शिक्षकांनी तिला विचारले, ''बाई, माहेरच्या नोंदीतून तुमचे नाव काढले का?'' तिने नाही म्हटले. त्यांनी माहेरच्या पंचायतीच्या नावाने चार ओळींचा अर्ज लिहून दिला आणि तो घेऊन आधी तिकडे जायला सांगितले. काही आठवड्यांनी तिचे काम झाल्याचे आम्हाला कळले. त्या गुरुजींना संगणक येत नव्हता. २३५०५ हा आकडा त्यांनी कधी ऐकलेला नसावा. तरी त्या नकाराचे बिनचूक भाषांतर त्यांनीच केले, कारण मुलींची लग्ने होतात आणि त्या गाव बदलतात, एवढी एक गोष्ट त्यांना ठाऊक होती. ज्यांनी ती व्यवस्था रचली त्यांनाही ती ठाऊक असणारच. रचताना तिची आठवण ठेवणे एवढेच त्यांचे काम होते.